रंगारी आजोबांना उशीर होतो

८ जानेवारी

ती. आई,

तुम्ही ताईंकडे राहायला गेल्याला आज दोन महिने झाले. फोन तुम्हाला आवडत नाही आणि ताईंकडे दिलेला निरोप तुमच्यापर्यंत निम्मा पोचतो, म्हणून पत्र लिहितेय. दुपारचे दोन वाजलेत, सगळी मुलं झोपलीत. पहिलवान तेवढा जागा आहे. दहा महिन्यांचा झाला, पण वजन दीड वर्षाच्या मुलाचं. तो माझ्या मांडीवर बसलाय. पत्राचा कोपरा ओला लागला तर त्याने चाखलाय असं समजा.

पाळणाघर तुम्ही सोडलंत तसंच चाललंय. तीच सहा मुलं, तीच मोठी खोली, खिडकीखाली त्याच सतरंज्या. बदल एकच केला, दाराबाहेर पाटी लावली. 'मुलांना सकाळी सव्वानऊपर्यंत आणावे. त्यानंतर दार बंद राहील. मूल येणार नसेल तर आठच्या आत कळवावे.' तुमचा मुलगा म्हणाला, ही पाळणाघराची पाटी वाटत नाही, परवाना कचेरीची वाटते. अकरा वर्षं मी परवान्याच्या खिडकीमागे काढली, त्याला काय इलाज?

पण हे मी हौसेने केलेलं नाही. साडेनऊला मी मुलांना घेऊन बागेत जाते. पाच जण बूट घालून दारात उभे, आणि सहावं येणार की नाही ते कळायला मार्ग नाही. थांबलं तर पाचही जण बूट काढतात. निघालं तर सहाव्याची आई बंद दारासमोर ताटकळते आणि संध्याकाळी माझ्याशी बोलत नाही. जुळ्यांची आई आठवड्यातून तीनदा दहाला येते. मागच्या आठवड्यात जुळे दोन दिवस आलेच नाहीत, निरोपही नाही, आणि मी त्यांच्या वाटणीचे बटाटे उकडून बसले.

तुम्ही बावीस वर्षं हे कसं निभावलंत? तुमच्याकडून शिकायला मला जेमतेम चार दिवस मिळाले. गुडघ्यांनी एकाएकी एवढं का मनावर घेतलं कळत नाही. आता कसे आहेत?

तुमची सून

*

१६ जानेवारी

सूनबाई,

पत्र मिळालं. कोपरा वाटेत वाळला.

गुडघे आहेत तिथेच आहेत.

मी बावीस वर्षांत पाटी लावली नाही. लोक वाचत नाहीत. जे वाचतात ते वेळेवरच येतात, त्यांच्यासाठी पाटीची गरज नसते. उशिरा येणाऱ्याला मी सांगायचे, मूल बागेत आणून सोडा. दोनदा घसरगुंडीपर्यंत चालत यावं लागलं की तिसऱ्यांदा माणूस आपणहून घड्याळ बघतो. जुळ्यांच्या आईशी वाकडं बोलू नकोस. ती चांगली आहे, फक्त तिला सकाळ सोसत नाही.

न आलेल्या मुलाचं काही करायचं नसतं. जी आलीत त्यांच्याकडे बघ. फोन करत बसू नकोस. फोन केला की समोरचा काहीतरी थाप मारतो, आणि मग ती थाप खरी मानून तुला वागावं लागतं. शेवटची काही वर्षं मी कुणालाही फोन केला नाही. काही अडलं नाही. उकडलेले बटाटे दुसऱ्या दिवशी चालतात.

मुंगीचं तू काहीच लिहिलं नाहीस. चार वर्षांची झाली, पण अजून एका घासाला दहा मिनिटं घेत असेल. घेऊ दे.

आई

*

३० जानेवारी

ती. आई,

बागेची युक्ती लागू पडली. जुळ्यांची आई दोनदा उंच टाचांवर डगमगत घसरगुंडीपर्यंत आली. या आठवड्यात रोज नऊला हजर. पाटी मात्र मी काढणार नाही.

मुंगी ठीक आहे. घास अजून दहा मिनिटांचाच. पण उशिराचा खरा प्रश्न सध्या तिचाच आहे. तुमच्या वेळी तिला तिची आई आणायची. आता आईला दातांच्या दवाखान्यात सकाळची पाळी आहे, ती पावणेसातलाच घर सोडते, म्हणून मुंगीला तिचे आजोबा आणतात. आईचे वडील. तुम्ही त्यांना पाहिलं नसेल. पेशाने रंगारी, चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली. उंच, टापटीप, बोलायला गोड. एका हातात पिशवी, एका हातात नात. त्यांचं घर पुलापलीकडे, इथून चालत पंधरा मिनिटांवर.

मी वहीत प्रत्येकाची वेळ टाकते. मुंगी पहिल्या आठवड्यात नऊ पाच, नऊ दहा. दुसऱ्या आठवड्यात नऊ पंचवीस. काल नऊ पन्नास. बागेतच आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, वाटेत एक जुनं काम भेटलं. जुनं काम म्हणजे त्यांनी कधीकाळी रंगवलेलं घर. समोर उभं राहून बघतात म्हणे. मुंगीने लगेच दुजोरा दिला. आम्ही हिरव्या घराला भेटलो, मग लोखंडी जिन्याच्या घराला भेटलो, मग परत हिरव्या घराला भेटलो.

अशा माणसाच्या तोंडावर दार कसं लावायचं ते सांगा.

तुमची सून

*

७ फेब्रुवारी

सूनबाई,

लावूच नकोस. चाळीस वर्षं राबलेल्या माणसाला आता दिवसाचं एकच काम उरलंय, नातीला पोचवायचं. ते तो पंधरा मिनिटांत कशाला उरकेल?

पोर म्हणते हिरवं घर दोनदा भेटलं. मुलं मोजताना चुकतात. तू ते डोक्यात घेऊ नकोस.

इथे बरं चाललंय. या घरात सगळे पुटपुटल्यासारखे बोलतात, ताईसुद्धा. मला आपली खोलीचं दार लावून बसायची सवय झालीये. नातू येऊन पत्ते खेळतो. पत्त्यांना बोलावं लागत नाही.

आई

*

२१ फेब्रुवारी

ती. आई,

तुमचं ऐकून मी आजोबांना उशिराबद्दल काही विचारलं नाही. पण आता मला राहवत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

परवा संध्याकाळी मुंगीची आई तिला न्यायला आली तेव्हा सहज म्हणाली, बाबांचं बरं असतं, बरोबर साडेआठला घरातून निघतात आणि निघताना मला दवाखान्यात फोन करून सांगतात. मी हसून मान हलवली. त्या दिवशी ते बागेत नऊ पंचावन्नला पोचले होते. पंधरा मिनिटांच्या वाटेला जवळजवळ दीड तास. हे तिला ठाऊक नाही.

मंगळवारी त्यांनी मुंगीला आत सोडलं आणि उंबऱ्यात उभं राहून भिंतींकडे बघत मला विचारलं, रंग कोणता ठरवलाय? भेगांत लांबी भरून झाली असेल तर उद्यापासून अस्तराचा पहिला हात मारायला घेतो म्हणाले. मला वाटलं गंमत करतायत. मी हसले. तेही हसले, पण माझ्यानंतर.

आणि काल. ते निघाले आणि फाटकातून उजवीकडे वळले. घर डावीकडे. मुंगी खिडकीशी उभी होती, तिने ओरडून सांगितलं, "आजोबा, बेकरीच्या बाजूने." त्यांनी हात वर केला, वळले आणि गेले. मुंगी बूट काढायला बसली आणि मला म्हणाली, "रोज सांगावं लागतं."

मला हे तिच्या आईच्या कानावर घालायचंय. दोनदा विषय काढणार होते, पण संध्याकाळी ती दमलेली असते, मुंगी पायाशी असते, आणि मुळात सांगायचं काय? तुमचे वडील गंमत करतात म्हणून? तुमचा सल्ला हवाय.

फोनचं म्हणाल तर तुमचंच खरं ठरलं. सोमवारी जुळे आले नाहीत म्हणून मी फोन केला. आई चिडली. सुट्टी घेतली तर तीही तुमच्याकडून मंजूर करून घ्यायची का, म्हणाली. आता नाही करत कुणाला फोन.

तुमची सून

*

२८ फेब्रुवारी

सूनबाई,

सांगू नकोस. निदान एवढ्यात नको.

तू जे लिहिलंस त्यात सांगण्यासारखं काही नाही. म्हातारी माणसं गंमत करतात, वळणं चुकतात. मुलीला सांगितलंस की ती दुसऱ्या दिवसापासून पोरीला त्याच्या हातून काढून घेईल. मग त्याला खुर्चीत बसवतील आणि सगळे त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतील. आपलं काय जातंय हे ज्याचं त्याला कळतं. तो आपणहून थांबतो. त्याला तेवढी सवड दे. एक महिना जाऊ दे.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

आई

*

१३ मार्च

ती. आई,

सोमवारी काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. मुंगी सुखरूप आहे, हे आधीच सांगते.

सोमवारी ती आली नाही. साडेनऊ वाजले. फोनकडे हात गेला, पण जुळ्यांच्या आईचा आवाज आठवला आणि तुमचं पत्र आठवलं. वहीत मुंगीपुढे 'गैरहजर, निरोप नाही' लिहिलं आणि पाच जणांना घेऊन बागेत गेले. तिथे अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. साडेअकराला परतलो. जेवायला ताटल्या मांडताना सहावी सवयीने मांडली गेली. ती उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिले.

बारा दहाला दवाखान्यात फोन लावला. मुंगीची आईच बोलली. मुंगी आज आली नाही, बरी आहे ना, एवढंच मी विचारलं.  ती म्हणाली, "बाबांचा फोन आला होता. साडेआठला निघालेत."

तुमचा मुलगा कामावरून धावत आला आणि मुलांजवळ बसला. मी पुलावर गेले, तिथे मुंगीची आई आली. तिने घरी जाऊन पाहिलं होतं, कुलूप होतं. कुठे शोधायचं ते तिला सुचत नव्हतं. मला सुचत होतं, आणि तेच बोलायची लाज वाटत होती. मुंगीने रोज येऊन मला सगळी वाट सांगितली होती. मी म्हटलं, आधी हिरवं घर शोधू. तिने विचारलं, कुठलं हिरवं घर?

हिरवं घर पुलाच्या खालच्या अंगाला सापडलं. तिथल्या चष्मेवाल्याने सांगितलं, आजोबा आणि नात रोज दिसतात, आज नवाच्या सुमाराला वरच्या रस्त्याला गेले. वरच्या रस्त्यावर लोखंडी जिन्याची घरं एक सोडून तीन निघाली. पहिल्या दोन घरांत कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. तेव्हा दोन वीस झाले होते.

तिथे एक शिवणकाम करणारी बाई राहते. सकाळी आजोबांनी तिचं दार वाजवलं आणि सांगितलं, दुसरा हात मारायला आलोय. भिंतींचे पोपडे निघालेच होते, तिला वाटलं घरमालकाने अखेर माणूस धाडला. तिने आत घेतलं. आजोबांनी शिवणयंत्र, खाट, कपाट खोलीच्या मधोमध सरकवलं, वर चादरी घातल्या आणि भिंत खरवडायला घेतली. पिशवीत खरवडणी होती. ती रोजच असायची, असं आता कळतंय. मुंगी चादर घातलेल्या खाटेवर बसून डबा खात होती. निम्मा राहिला होता.

ती बाई म्हणाली, काम सुरेख करतायत, फक्त रंग आणलेला नाही.

मुंगीची आई ओरडली नाही. बाबा, घरी चला, म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाले, "एवढी बाजू होऊ दे. मधेच सोडली तर रंग फुगतो." ती खाटेवर मुंगीजवळ बसली. मीही बसले. वीसेक मिनिटं आम्ही चौघी त्या भिंतीकडे बघत होतो. मग त्यांनी खरवडणी पुसून पिशवीत ठेवली आणि हात धुवायला पाणी मागितलं.

जिना उतरताना तिने मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "उशीर होतो हे माहीत होतं."

संध्याकाळी ती एकटी आली आणि वही मागितली. उभ्यानेच चाळली. मुंगीच्या नावाखालच्या वेळांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत आली. ही वही मला एकदाही का दाखवली नाहीत, असं विचारलं. तुम्ही मागितली नाहीत, हे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. खिडकीमागे बसून आम्ही लोकांना हेच सांगायचो. ते गिळलं.  तिने वही मिटून टेबलावर ठेवली आणि सांगितलं, उद्यापासून मुंगी येणार नाही. हे तिने नियमाप्रमाणे आदल्या दिवशी कळवलं.

तुमचं पत्र कपाटात होतं. तुमचं नाव मी घेतलं नाही. पण आई, मी तुमचं ऐकलं होतं. तुम्ही तसं का सांगितलंत ते मला हवंय.

तुमची सून

*

२५ मार्च

ती. आई,

१३ तारखेचं पत्र मिळालं का? ताई म्हणतात मिळालं. मी वाट बघतेय.

तुमची सून

*

२ एप्रिल

सूनबाई,

पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तर टाळत होते.

रंगाऱ्याचं काय चाललंय ते मला हिरव्या घरावरून कळलं होतं. मुलं मोजताना चुकतात हे मी मुद्दाम लिहिलं. मुंगी कधीच मोजताना चुकत नाही, घास मोजून खाणारी पोर ती.

मला पाच वर्षं झाली, नीट ऐकू येत नाही. आधी डावा कान गेला, मग उजवा. कुणाला सांगितलं नाही. मूल रडायला लागलं की आवाजाच्या आधी त्याचे खांदे हलतात, ते मी बघायचे. दारात आयाबाया बोलायच्या त्यांच्या ओठांकडे बघायचे, नाही कळलं तर हसायचे. फोन नको म्हणायचे तो नावडीमुळे नाही. त्यात ओठ नसतात. चार वर्षं हे बेमालूम चाललं आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता.

ऑक्टोबरात बेकरीवालीच्या मुलाने न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. त्याला ती निघेना. मी मोठ्या खोलीत पाठ करून सतरंज्यांच्या घड्या घालत होते. डोकी मोजली, पाच भरली. सहावं अजून आलं नसेल असं वाटलं. त्याला मीच सकाळी दारातून आत घेतलं होतं, तेही विसरले. वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरून धावत आली आणि तिने मला हाताला धरून न्हाणीघरापाशी नेलं, तेव्हा दार हादरताना दिसलं. पोर पाऊण तास आत होतं. बाहेर काढलं तेव्हा तोंड उघडं होतं आणि मला वाटलं मोठ्याने रडतोय. वरची म्हणाली, त्याचा आवाज बसलाय.

मी त्याला दूध दिलं, मांडीवर झोपवलं. संध्याकाळी त्याच्या आईला सांगितलं, घसा धरलाय. महिन्याभराने गुडघ्यांचं निमित्त करून इथे आले.

तेव्हा माणूस आपणहून थांबतो असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. मी थांबले नाही. थांबावं लागलं. रंगाऱ्याला मी जी सवड दिली ती खरं तर मलाच हवी होती. पोर तुझ्या दारातली होती, आणि तिच्या जिवाशी मी इथे बसून कागदावर खेळले.

मुंगीच्या आईला माझं नाव सांग.

आई

*

१० एप्रिल

ती. आई,

तुमचं पत्र तुमच्या मुलाला वाचायला दिलं. त्याने वाचलं, मग उठून न्हाणीघराची कडी काढून टाकली.

पाच वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला आवडत नाही. संध्याकाळी सहाला घरी यायचे, स्वयंपाकघरातून तुमच्याशी काहीतरी बोलायचे, दिवसभराचं. तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. वर्षभर बोलले, मग बोलणं सोडलं. आता कळलं की तुमची माझ्याकडे पाठ असायची, दुसरं काही नव्हतं. हे वाचून मला बरं वाटलं आणि रागही आला. दोन्ही अजून उतरलेलं नाही.

बेकरीवालीला काल मी सगळं सांगितलं. ते तुम्ही सांगायला हवं होतं, पण मुलगा आता माझ्याकडे असतो. मला वाटलं ती भांडेल. ती पाव बांधता बांधता थांबली आणि म्हणाली, "म्हणून हा घरी दार उघडं ठेवून बसतो. मी त्यासाठी त्याला मारलंय." तुम्हाला ही गोष्ट कळावी म्हणून लिहिलं. मुलाला तिने अजून तरी काढलेलं नाही.

मुंगीच्या आईकडेही जाऊन आले. दवाखान्यात, दात दुखणाऱ्यांच्या रांगेत खुर्ची धरून बसले. नंबर आला तेव्हा सांगितलं, मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प राहिले. तुमचं नाव सांगितलं नाही. वही माझ्या हातात होती, तुमच्या नाही. तिने ऐकून घेतलं. पुढचा पेशंट आत आला तशी मी उठले.

पाटीवर एक ओळ वाढवली आहे. 'मूल वेळेवर आले नाही आणि निरोप नसला, तर मी लगेच फोन करीन. राग मानू नये.' जुळ्यांच्या आईने राग मानला. दुसऱ्या फोनला कमी मानला.

आता तुमचं. ताईंना कानांचं सांगा. पंधरा दिवसांत तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. कुणाची गुपितं सांभाळायचं मी सोडलंय.

तुमची सून

*

२२ एप्रिल

सूनबाई,

सांगितलं. ताई आधी रडली, मग माझ्या कानाशी येऊन ओरडली. तिला समजावलं की ओरडून उपयोग नाही, तोंड समोर ठेव.

कानात यंत्र बसवलंय. या घरात कुणीही पुटपुटत नाही असं दिसतं. सगळे चांगले ठणठणीत बोलतात आणि गरजेपेक्षा जास्त बोलतात. नातू पत्ते खेळताना सबंध वेळ बडबडत असतो, मला इतके दिवस वाटायचं तो विचार करतोय.

बेकरीवालीला मी स्वतः पत्र टाकलंय. तिने उत्तर दिलं नाही तरी चालेल.

मार खाल्लेल्या पोराचा विचार रोज येतो. तो येऊ दे, असं ठरवलंय.

फोन करून पाहायला हरकत नाही. पण पत्र बंद करू नकोस.

आई

*

१७ मे

ती. आई,

रविवारी तुमच्याशी फोनवर बोलले तेव्हा एक सांगायचं राहिलं, कारण निम्मा वेळ ऐकू येतंय का हेच दोघी विचारत होतो.

मुंगी परत आली. पाच मेपासून. मधे तिच्या आईने तिला पुलापलीकडच्या दुसऱ्या पाळणाघरात घातलं होतं. मोठी जागा, रंगीत खुर्च्या, दारात कॅमेरा. तिसऱ्या आठवड्यात मुंगीला तीन दिवस घरी ठेवलं आणि आईने मुद्दाम कळवलं नाही. तीन दिवसांत तिथून कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. पाटी पूर्ण वाचली. मग म्हणाली, "तुम्ही बारा दहाला का होईना, केला होता फोन." एवढंच बोलली. मला ते कौतुक वाटलं नाही, आणि तिनेही कौतुक म्हणून म्हटलं नसावं.

आता ती कामावर जाताना मुंगीला सोडते, त्यामुळे मी पावणेसातला दार उघडते. तुमचा मुलगा यावर काय म्हणतो ते लिहीत नाही. घरी आजोबांजवळ दिवसभर एक बाई असते. आजोबा बरे आहेत. त्यांना समोरची भिंत खरवडायला दिली आहे, ती झाली की दुसरी. मुंगी सांगते, आमच्या घराला आता रंगच उरला नाही.

मंगळवारी सात वाजून दहा मिनिटं झाली तरी मुंगी आली नाही. मी घरी फोन लावला. आजोबांनी उचलला. मी नाव सांगितलं, मुंगी अजून आली नाही म्हटलं. ते म्हणाले, आम्ही निघालोय, वाटेतच आहोत. आवाज अगदी पहिल्यासारखा, गोड.  तेवढ्यात मागून मुंगीचा आवाज आला, घोगरा, सर्दीचा. ती त्यांना सांगत होती, "आजोबा, मला ताप आहे. सांगा त्यांना." तिची आई खाली औषध आणायला गेली होती, हे मला मागाहून कळलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. मग सावकाश, एकेक शब्द नीट मांडत म्हणाले, "बाई, नातीला ताप आहे. आज आम्ही येणार नाही. बरं वाटलं की येऊ. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल, आणि कळवल्याबद्दल आभार मानले. फोन मी केला होता हे खरं. पण आई, या सबंध महिन्यात आठच्या आत, कारणासकट, न चिडता कळवणारे ते एकटेच.

तुमची सून